स्वस्त दिवा आणि पाण्यांतील वनस्पति

गेल्या वर्षीं आमच्या विज्ञानाच्या वर्गांत एक काचेची टाकी आणून ठेविली. ती दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच असून तींत सुमारें ५० लिटर पाणी राहतें. तींत कांहीं गप्पी मासे व थोड्या जलवनस्पति सोडिल्या. तें पाहून वर्गांतील एका मुलास घरींही तशीच टाकी करावी अशी इच्छा झाली. परंतु दुकानांत चौकशी करितां त्यास असें सांगण्यांत आलें कीं, वनस्पति जगवावयाच्या असल्यास खास त्यांच्याकरितां केलेला दिवा घ्यावा लागेल. आणि त्या दिव्याची किंमत टाकीच्या किमतीहून अधिक होती. पुढें त्याचे वडील मला भेटले तेव्हां म्हणाले, "सर, हें शिक्षण आमच्यासारख्यांना परवडणारें नाहीं." त्या वेळीं मला नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें आज येथें देत आहे.

माझें मत असें आहे कीं, ज्या जलवनस्पति स्वभावतःच थोड्या उजेडांत वाढतात त्यांस महाग दिव्याची मुळींच जरूर नाहीं. घरांत लागतो तो साधा ९ वॅटचा एल्. ई. डी. दिवा त्यांस पुरतो. इतकेंच नव्हे, तर नवशिक्याच्या टाकीचा नाश कमी उजेडापेक्षां जास्त उजेडानेंच अधिक वेळां होतो.

याचें कारण समजण्यास फार मोठें शास्त्र नको. वनस्पतीस श्वासोच्छ्वासासाठीं अहोरात्र अन्न खर्चावें लागतें, आणि तें अन्न ती उजेडांत तयार करिते. पाण्यांत बुडवून ठेविलेल्या वनस्पति प्रकाशांतच प्राणवायूचे बुडबुडे सोडितात, अंधारांत सोडीत नाहींत, हें यान इंगेनहाऊस या डच शास्त्रज्ञानें १७७९ सालीं प्रसिद्ध केलें. तुम्ही हायड्रिलाच्या फांदीवर नरसाळें पालथें घालून जो प्रयोग करितां, त्याचें मूळ तेथें आहे. ज्या प्रकाशांत अन्नाची जमा व खर्च बरोबर होतात, त्याहून किंचित् अधिक प्रकाश मिळाला म्हणजे वनस्पति जगते व वाढूं लागते. कांहीं वनस्पतींचा हा खर्च फार थोडा असतो. दाट झाडीच्या सावलींत, ओढ्याच्या कांठीं किंवा खोल पाण्यांत त्यांचा जन्म गेलेला असतो. त्यांना थोडक्यांत भागविण्याची संवय असते.

आतां दिव्याकडे वळूं. पांढरा एल्. ई. डी. दिवा मुळांत निळा असतो. त्या निळ्या प्रकाशावर पिवळ्या द्रव्याचा लेप देऊन तो पांढरा केलेला असतो. हा निळा दिवा शोधून काढणारे आकासाकी, आमानो व नाकामुरा यांस २०१४ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. वनस्पतींचें हरितद्रव्य मुख्यतः निळा व तांबडा प्रकाश शोषून घेतें. साध्या पांढऱ्या दिव्यांत निळा भरपूर असतो, तांबडा त्या मानानें कमी असतो, तथापि आमच्या कामापुरता असतोच. दुकानांतील खास दिव्यांत हें प्रमाण अधिक साधलेलें असेल; पण वनस्पतीस दिव्यावरील नांव वाचतां येत नाहीं, तिला प्रकाश तेवढा कळतो.

खर्चाचा हिशेब पाहूं. २०१५ सालीं सरकारनें उजाला योजना सुरू केली. तिच्याखालीं देशांत ३६ कोटींहून अधिक एल्. ई. डी. दिवे वाटले गेले, आणि सरकारी खरेदींत २०१४ सालीं ३१० रुपयांस पडणारा दिवा २०१६ सालीं ३८ रुपयांस पडूं लागला. असा ९ वॅटचा दिवा सुमारें ९०० ल्युमेन उजेड देतो. पूर्वींचा तारेचा दिवा तेवढ्यासाठीं ६० वॅट खात असे. थोड्या उजेडाच्या टाकीस दर लिटरमागें १० ते २० ल्युमेन पुरतात, असा हौशी लोकांचा अनुभव आहे. म्हणजे ५० लिटरांस ५०० ते १००० ल्युमेन झाले. दिवा रोज ८ तास लाविला तरी तीस दिवसांत २ युनिटांहून किंचित् अधिक वीज लागते. हा आंकडा मुलांनीं स्वतः गुणाकार करून पडताळावा.

आतां माझी स्वतःची चूक सांगतों. प्रारंभीं मलाही वाटलें कीं, उजेड जितका जास्त तितकें चांगलें. मीं वर्गांतील टाकीवर २० वॅटच्या दोन नळ्या बसविल्या व त्या सकाळीं सातपासून सायंकाळीं सहापर्यंत चालूं ठेविल्या. तीन आठवड्यांत कांचा हिरव्या झाल्या, पानांवर शेवाळाचा काळसर थर बसला आणि पाणी पाहवेना. झालें होतें तें असें: सावकाश वाढणाऱ्या वनस्पतीस वाढीसाठीं नुसता उजेड पुरत नाहीं, कर्बवायु व क्षारही हवे असतात. ते जर मोजकेच असतील तर वाढलेला उजेड तिच्या उपयोगीं पडत नाहीं, आणि जो तिला नको तो शेवाळ घेतें. मग आम्हीं दोन्ही नळ्या काढून एक ९ वॅटचा दिवा लाविला, तो रोज सातच तास ठेविला, दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदललें व कांचा पुसल्या. सुमारें दीड महिन्यानें अनुबियासला पहिलें स्वच्छ पान आलें. त्या पानानें वर्गास जें शिकविलें तें मला फळ्यावर लिहून शिकवितां आलें नसतें.

कोणत्या वनस्पति घ्याव्या? पश्चिम आफ्रिकेंतील अनुबियास, आग्नेय आशियांतील जावा फर्न व जावा मॉस, श्रीलंकेंतील क्रिप्टोकोरिन, आणि आपल्या तळ्यांतील हायड्रिला, एवढ्या पुरेत. अनुबियास व जावा फर्न यांचें आडवें खोड वाळूंत पुरूं नये, कुजतें. तें दगडास दोऱ्यानें बांधावें. क्रिप्टोकोरिन लाविल्यावर तिचीं पानें पुष्कळदां विरघळून जातात. ती मेली असें समजून फेकूं नये, मुळांतून पुन्हां फुटते. क्रिप्टोकोरिनच्या कांहीं जाती आपल्या कोंकणांतील ओढ्यांतही आहेत. त्या तेथेंच राहूं द्याव्या, उपटून आणूं नयेत.

पालकांस एक कळकळीची सूचना आहे. पाणी व वीज यांची संगत धोक्याची. दिव्यावर व पाण्यावर मध्यें कांचेचें झांकण असावें. वायर बटणाकडे जाण्यापूर्वीं खालीं झोळ देऊन न्यावी, म्हणजे ओघळलेलें पाणी बटणांत शिरणार नाहीं. आणि टाकींत हात घालण्यापूर्वीं बटण बंद करून प्लग काढावा. हें काम मुलांवर सोंपवूं नये.

माझ्या मतावर आक्षेप येतील. तांबड्या पानांच्या कित्येक वनस्पति व जमिनीवर गालिच्यासारख्या पसरणाऱ्या जाती साध्या दिव्याखालीं चांगल्या होत नाहींत. त्यांस अधिक प्रकाश व वरून कर्बवायु द्यावा लागतो. हें खरें आहे, आणि ज्यांस ऐपत व आवड आहे त्यांनीं तो मार्ग अवश्य धरावा. माझें म्हणणें एवढेंच कीं, तो मार्ग आरंभाचा नव्हे. दुसरा आक्षेप असा कीं, मुक्या जिवांस कांचेंत कोंडणें बरें नव्हे. ज्यांस असें वाटतें त्यांनीं मासे ठेवूंच नयेत. रुंद तोंडाच्या बरणींत हायड्रिलाची एक फांदी ठेवावी. निरीक्षणास तेवढी पुरे.

त्या मुलाच्या वडिलांनीं पुढें घरांतलाच एक जुना दिवा टाकीवर बसविला. मुलगा दर रविवारीं पानें मोजून वहींत लिहितो. कधीं संख्या वाढते, कधीं तीच राहते, आणि तीच राहिली तरी तो लिहितो. शास्त्राचा अभ्यास याहून निराळा काय असतो? पालकांनीं मुलाच्या प्रत्येक हौसेस "खर्च किती?" असें अवश्य विचारावें. पण दुकानदाराचें उत्तर ऐकून थांबूं नये; "कमींत कमी किती लागेल?" हा प्रश्न मुलास बरोबर घेऊन, स्वतः करून पाहून सोडवावा. पुष्कळदां लागणारी वस्तु घरांत आधींच असते.