जुम्याची सुटी आणि मागावरचा माणूस

मालेगावात यंत्रमागांना आठवड्याची सुटी शुक्रवारी असते. जुम्याची नमाज झाली की बरेच कामगार सिनेमाकडे वळतात. आपले काही कारखानदार बंधू यावर नाक मुरडतात. आम्हांला ते पटत नाही. बारा तासांची पाळी, कान बधिर करणारा खडखडाट आणि मजुरी विणलेल्या कापडावर. मग या माणसाने हसायचे कधी?

याच गावात शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. पुढे त्यांच्याच चित्रपटात मागावरचा शफीक सुपरमॅन झाला. अंगाने अगदी काडी, पण त्याने गाव हसवले! (पुढे तो कर्करोगाने गेला.) ही खेळकर वृत्ती मागांच्या खडखडाटातच वाढली.

म्हणून शुक्रवारची सुटी पुरेशी मानू नका. पाळीत नमाजची वेळ झाली की शेजारच्याने माग सांभाळावा, अशी सोय करून द्या. घाईत उरकलेल्या नमाजने मनाला काय शांती मिळणार? चहाच्या वेळी मुकादमाला घड्याळ घेऊन उभे करू नका. सुताचे भाव चढले की डोके तापते, हे आम्ही जाणतो. पण तो राग कारागिराच्या कपभर चहावर का?