ऑक्टेनचा आकडा आणि ग्राहकाचा हिशेब

रोजच्या वापरातील मोटारीच्या इंजिनात अल्पसा फेरफार करून तिची शक्ती वाढवून घेण्याची हौस आता महानगरांपुरती उरलेली नाही. नागपूरसारख्या शहरातही मोटारीच्या नियंत्रक संगणकाची आज्ञावली बदलून घेणारे, म्हणजेच गॅरेजच्या भाषेत ‘रिमॅप’ करून घेणारे, मालक आढळतात. अशा मोटारीत साधे पेट्रोल भरावे की चढ्या भावाचे, हा प्रश्न वरकरणी मूठभर हौशी मंडळींचा वाटतो. वस्तुतः तो पेट्रोल विकत घेणाऱ्या प्रत्येक ग्राहकाचा आहे. जी वस्तू आपण विकत घेतो तिचे गुणधर्म आपणास ठाऊक असतात काय, हे त्यामागील मूळ प्रमेय होय.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. ऑक्टेनचा आकडा हा पेट्रोलच्या शुद्धतेचा अथवा शक्तीचा निदर्शक नव्हे. सिलिंडरमधील इंधन-हवेचे मिश्रण दाबाने व उष्णतेने ठिणगीविना आपोआप पेटण्यास किती विरोध करते, एवढेच तो सांगतो. ठिणगीपासून निघालेली ज्योत पोचण्यापूर्वीच कोपऱ्यातील मिश्रण पेटले, तर दाबाची लाट उसळते व इंजिनातून खडखड ऐकू येते. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. दीर्घकाळ चालू राहिल्यास ते पिस्टनची हानी करते. ज्या इंजिनाची रचना ९१ ऑक्टेनसाठी झाली आहे, त्यात १०० ऑक्टेनचे पेट्रोल ओतल्याने सामान्यतः कोणताही लाभ होत नाही. गरजेपेक्षा अधिक ऑक्टेन विकत घेणे म्हणजे सपाट रस्त्यावर चालण्यासाठी गिर्यारोहकाचे जोडे खरेदी करणे होय.

फेरफार केलेल्या इंजिनाची गोष्ट मात्र वेगळी. टर्बोचार्जरचा दाब वाढविला किंवा ठिणगीची वेळ अलीकडे आणली की इंजिनाची ऑक्टेनची गरज वाढते. त्यातच नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना इंजिनात शिरणारी हवा आधीच तापलेली असते. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेपर्यंत दीर्घकाळ वेग राखला की इंजिनावरील भार सतत टिकून राहतो. थंड हवेच्या देशात व उच्च ऑक्टेनच्या इंधनावर बेतलेली आज्ञावली या परिस्थितीत जशीच्या तशी वापरणे धोक्याचे ठरते. आधुनिक इंजिनातील संवेदक नॉकिंगची चाहूल लागताच ठिणगी उशिरा पाडतो आणि इंजिनाचा बचाव करतो, हे खरे. पण मग पैसे मोजून मिळविलेली वाढीव शक्तीही तेवढ्या प्रमाणात नाहीशी होते आणि इंधनही अधिक जळते. फेरफाराचा खर्च झाला आणि फळ हाती आले नाही, अशी ही स्थिती.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे एकदाच करावयाचा खर्च आणि पुनःपुन्हा करावा लागणारा खर्च यांतील भेद ध्यानात घ्यावा लागेल. गॅरेजमधील फेरफाराची किंमत ग्राहक घासाघीस करून ठरवितो. त्या फेरफाराने मागे लावून दिलेल्या इंधनखर्चाचा हिशेब मात्र सहसा कोणी करीत नाही. समजा, धरमपेठेतून बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत जाणारा एखादा नोकरदार रोज जाऊन-येऊन ६० किलोमीटर मोटार चालवितो. महिन्याचे २५ दिवस धरले तर १,५०० किलोमीटर, आणि लिटरला १५ किलोमीटरप्रमाणे १०० लिटर पेट्रोल. लिटरमागे ८ रुपये अधिक मोजावे लागले तर वर्षाला ९,६०० आणि पाच वर्षांत ४८,००० रुपये होतात. १०० ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी लिटरमागे ५० रुपये अधिक पडले, तर हाच आकडा तीन लाखांवर जातो. सिग्नलगणिक थांबणाऱ्या शहरी वाहतुकीत वाढीव शक्तीचा उपयोग किती क्षण होतो, याचा विचार केला म्हणजे हा व्यवहार किती तोट्याचा आहे, हे निराळे सांगावयास नको.

ऑक्टेनची किंमत पंपावरील मीटरवर संपूर्णपणे कधीच दिसत नाही, हा इतिहासाचाही धडा आहे. १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली याने टेट्राएथिल शिशाचा नॉकिंगविरोधी गुण शोधून काढला. स्वस्तात ऑक्टेन वाढविणारे हे द्रव्य जगभर वापरले गेले. त्याचा मोबदला मात्र शिशाची हवा श्वासावाटे घेणाऱ्या मुलाबाळांनी दिला. भारतात शिसेविरहित पेट्रोल देशभर लागू होण्यास २००० साल उजाडावे लागले आणि जगातील शेवटचा देश असलेल्या अल्जीरियात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २०२१ मध्ये थांबली.

आज शिशाची जागा इथेनॉलने घेतली आहे. ते शिशासारखे विषारी नाही आणि त्यामागे ऊसउत्पादकाचे हित व परकीय चलनाची बचत ही सबळ कारणे आहेत. इथेनॉलवरील बसगाडीचा प्रयोग २०१४ मध्ये नागपुरानेच पाहिला होता. २० टक्के मिश्रणाचे मूळ २०३० सालचे लक्ष्य अलीकडे ओढून २०२५ मध्येच गाठण्यात आले. या मिश्रणामुळे साध्या पेट्रोलचा ऑक्टेन आकडा ९१ वरून ९५ वर गेल्याचे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. फेरफार केलेल्या मोटारींच्या मालकांना ही वार्ता सुखावणारी आहे. तथापि, नाण्याची दुसरी बाजूही आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश एवढीच उष्णता असते. म्हणजे ऑक्टेन वाढला, पण लिटरमागील ऊर्जा घटली. शुद्ध पेट्रोलसाठी घडविलेल्या आणि १० टक्के मिश्रणाशी जुळविलेल्या चारचाकी वाहनांची इंधनक्षमता ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ मधील अहवालातच व्यक्त झाला होता. जुन्या वाहनांतील रबरी भागांचा प्रश्न वेगळाच.

ग्राहकाला हे दोन्ही आकडे कळले, तरच त्याला शहाणपणाने निवड करता येईल. साधे पेट्रोलच जर ९५ ऑक्टेनचे असेल, तर नावातच ९५ हा आकडा मिरविणाऱ्या महाग पेट्रोलसाठी अधिक पैसे नेमके कशाचे मोजावयाचे? इंजिन स्वच्छ ठेवणाऱ्या द्रव्यांचे असतील, तर तसे स्पष्ट सांगावे. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय आणि पंपावर मिश्रणाचे प्रमाण दर्शविणारी पाटी यांची मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. पर्यायाची मागणी खर्चाची व धोरणाची बाब म्हणून दूर ठेवता येईल. पाटीच्या मागणीला तो आक्षेप लागू होत नाही. बिस्किटाच्या पुड्यावर घटक छापणे जेथे बंधनकारक आहे, तेथे शंभर रुपये लिटरच्या द्रवावर दोन आकडे लिहिण्यात अडचण कसली?

हा न्याय गॅरेजवाल्यासही लागू व्हावा. आज्ञावली किती ऑक्टेनसाठी बेतली आहे, हे त्याने ग्राहकास लेखी द्यावे. मालकानेही कायदा विसरू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वये निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल करण्यास मनाई आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीने प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कारावास अशी शिक्षेची तरतूद केली आहे. इंजिनाची शक्ती वाढविणारा फेरफार या कक्षेबाहेर राहील, असे गृहीत धरणे धाडसाचे ठरेल.

सारांश, इंजिनाला हवे तेवढेच ऑक्टेन विकत घ्यावे आणि फेरफार करावयाचाच असेल, तर तो बाजारात सहज मिळणाऱ्या साध्या पेट्रोलच्या मर्यादेत, कायदा सांभाळून करावा, यातच शहाणपण आहे. परंतु हे शहाणपण ग्राहकाकडून अपेक्षिणाऱ्यांनी त्याच्यापुढे आधी माहिती ठेवावयास हवी. प्रत्येक पंपावर ऑक्टेन आणि इथेनॉलचे प्रमाण ठळकपणे लिहिणे, या साध्या सुधारणेस निधी लागत नाही. लागते ती ग्राहकाला सज्ञान मानण्याची तयारी.