कुलूपबंद वारसा

जुन्या सीडींवरील रंगद्रव्याचा थर विरत चालला आहे. त्यावर लिहिलेला मजकूर कायमचा जाण्यापूर्वी त्याची डिस्क इमेज, म्हणजे संपूर्ण डिस्कची फाइलरूप प्रत, घेणे अपरिहार्यच होते. परंतु इमेज घेतली म्हणजे जतन झाले, ही समजूत आत्मघातकी आहे. त्या इमेज कोणत्या स्वरूपात आहेत, हा प्रश्न ग्रंथालयांनी, प्रकाशकांनी आणि सरकारी दप्तरांनी आजच स्वतःला विचारायचा आहे.

नीरोची एनआरजी, अल्कोहोल १२०% ची एमडीएफ-एमडीएस, क्लोनसीडीची सीसीडी ही सारी एकेका कंपनीच्या सॉफ्टवेअरपोटी जन्मलेली स्वरूपे. सीडी लिहिण्याचा काळ सरला, तशी त्यांची गरज आणि विक्रेत्यांची आस्थाही सरली. एमडीएस ही काही किलोबाइटची फाइल 'फालतू' म्हणून कुणी पुसली, की शेजारच्या शेकडो मेगाबाइटच्या एमडीएफमधील ट्रॅकची मांडणी हरवते. बिन-क्यू जोडीतली क्यू फाइल म्हणजे जेमतेम काही ओळींचा साधा मजकूर. त्यात बिन फाइलचे नाव लिहिलेले असते. कारकुनाने शिस्तीच्या उत्साहात ते नाव बदलले, की जोडी तुटली!

सर्वपरिचित आयएसओही निर्दोष नाही. सीडीच्या प्रत्येक सेक्टरमध्ये २३५२ बाइट असतात, त्यांतील केवळ २०४८ आयएसओत उतरतात. ध्वनीचे ट्रॅक तर त्यात मावतच नाहीत. संगीत आणि मजकूर एकत्र असलेल्या तबकडीचा आयएसओ काढणारा संगीताचा ऐवज गमावतो, आणि संगणक त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

मराठी मुद्रणाची स्थिती याहून बिकट आहे. नव्वदच्या दशकात मॅकवर जुळवलेल्या पुस्तकांच्या एचएफएस या मॅकच्या जुन्या फाइल-रचनेतील डिस्क २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनापासून थेट उघडतच नाहीत. अन्य मार्गाने उघडल्याच, तर युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर अगम्य चिन्हांचा ढीग म्हणून समोर येतो. तो वाचणारे सॉफ्टवेअर डोंगलला, म्हणजे संगणकाला जोडायच्या परवाना-किल्लीला, बांधलेले, आणि डोंगल प्रेसच्या कुठल्या खणात गंजते आहे, ते प्रेस चालवणाऱ्यालाही ठाऊक नसते.

न्यायसंस्थेनेही निश्चिंत राहू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक अभिलेखाचे हॅश मूल्य, म्हणजे त्याच्या आशयावरून काढलेला अंकीय ठसा, मागितले जाते. जप्त डिस्कची ई०१ या न्यायवैद्यक स्वरूपातील इमेज उद्या कच्च्या स्वरूपात आणावी लागली, तर आतील विदा तीच राहील, पण फाइलचा हॅश बदलेल. कोणता हॅश कशाचा, याची नोंद नसेल तर बचाव पक्षाच्या वकिलास आयती पर्वणी मिळेल आणि खरा पुरावा संशयाच्या पिंजऱ्यात उभा राहील.

स्वरूपांची ही कुलुपे उघडण्याच्या किल्ल्या आज तरी आहेत: सीडीइमू, क्यूईएमयू, सेव्हन-झिप, लिबईडब्ल्यूएफ ही मोफत सॉफ्टवेअर. त्यांतील कितीतरी काम स्वयंसेवकांनी बंदिस्त स्वरूपांची रचना उकलून केलेले आहे. कोट्यवधींच्या डिजिटायझेशन निविदा काढणारे शासन या फुकटच्या श्रमांवर विसंबून आहे, आणि निविदेत 'स्कॅनचे डीपीआय' तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना इमेजच्या स्वरूपाचा एक रकाना सुचत नाही! तो रकाना सक्तीचा करा. खुले स्वरूप, मूळ माध्यमाचा आणि फाइलचा स्वतंत्र हॅश, रूपांतराची नोंद यांविना एकही देयक मंजूर होऊ नये. साठलेल्या इमेजचे रूपांतर याच आर्थिक वर्षात सुरू व्हावे, आणि मूळ फाइल रूपांतरानंतरही पुसली जाऊ नये.