विश्लेषण : यकृत प्रत्यारोपणानंतर आई होता येते का?

यकृत प्रत्यारोपण झालेल्या स्त्रीच्या यशस्वी बाळंतपणाची पहिली नोंद वैद्यकीय नियतकालिकात १९७८ मध्ये झाली. त्यानंतर जगभरात अशा शेकडो स्त्रिया आई झाल्या. तरीही आपल्याकडे प्रत्यारोपण झालेल्या तरुणीच्या वाट्याला दोनच सल्ले येतात. ‘जीव वाचला हेच खूप, मूल विसर’ हा एक आणि ‘आता बरी झालीस ना, मग लवकर होऊ दे’ हा दुसरा. दोन्ही सल्ले धोक्याचे आहेत. योग्य उत्तर या दोहोंच्या मधले आहे आणि ते वेळेवर सांगण्याची जबाबदारी रुग्णालयाची आहे.

हा प्रश्न आताच महत्त्वाचा का?

भारतात लहान मुलावरील पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीत झाले. जन्मतःच पित्तनलिका बंद असलेल्या अनेक बाळांना त्यानंतर या शस्त्रक्रियेने जीवदान मिळाले. त्यातल्या मुली आता लग्नाच्या वयात येत आहेत. विल्सन आजार, स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने यकृतावर केलेला हल्ला, कावीळ किंवा उंदीर मारण्याच्या विषामुळे अचानक निकामी झालेले यकृत, ही कारणेही तरुण वयातली आहेत. प्रत्यारोपणानंतर पुढे तीस-चाळीस वर्षांचे आयुष्य समोर असलेल्या स्त्रीला संसार आणि मूल यांविषयी प्रश्न पडणारच.

गर्भधारणा कशी शक्य होते?

यकृत फार बिघडले की संप्रेरकांचा तोल जातो आणि अनेक स्त्रियांची पाळी थांबते. नवे यकृत काम करू लागले की काही महिन्यांतच ती पूर्ववत होते. पाळी परत येण्याआधीही गर्भ राहू शकतो. ‘इतकी वर्षे पाळी नव्हती, आता कुठले दिवस जाणार’ असे समजून गाफील राहिलेल्या स्त्रीला नको त्या वेळी गर्भधारणा होते. म्हणूनच गर्भनिरोधनाचे बोलणे रुग्णालयातून घरी सोडण्यापूर्वीच व्हायला हवे.

धोका नेमका किती?

यकृत प्रत्यारोपणानंतरच्या ४५० गर्भधारणांचे एकत्रित विश्लेषण २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे ७७ टक्के गर्भधारणांतून जिवंत मूल जन्मले. गर्भपाताचे प्रमाण सर्वसाधारण स्त्रियांपेक्षा जास्त नव्हते. मात्र गरोदरपणात रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जाण्याचा गंभीर त्रास सुमारे २२ टक्के गर्भधारणांत झाला, ३९ टक्के प्रसूती वेळेआधी झाल्या आणि सिझेरियनचे प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास होते. याशिवाय गरोदरपणातला मधुमेह, कमी वजनाचे बाळ, जंतुसंसर्ग आणि शरीराने नवे यकृत नाकारणे हे धोके असतात. थोडक्यात, हे बाळंतपण जोखमीचे आहे, पण अशक्य नाही. नेहमीच्या तपासण्या, अनुभवी डॉक्टर आणि नवजात बाळांसाठी अतिदक्षता विभाग जवळ असेल, तर यातले बरेचसे धोके वेळीच ओळखता येतात.

औषधे बंद करावीत का?

सर्वांत मोठी चूक इथेच होते. ‘पोटातल्या बाळाला औषधे बाधतील’ या भीतीने, कधी सासूबाईंच्या तर कधी शेजारणीच्या सांगण्यावरून, स्त्री आपल्या मनाने गोळ्या बंद करते. मग शरीर नव्या यकृतावर हल्ला करते आणि आई व बाळ दोघांचाही जीव धोक्यात येतो. टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, अॅझाथायोप्रिन आणि प्रेडनिसोलोन ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली गरोदरपणातही चालू ठेवली जातात.

मायकोफेनोलेट हे औषध मात्र याला मोठा अपवाद आहे. त्यामुळे गर्भपाताचा आणि बाळाच्या कानात, ओठात, टाळूत व्यंग राहण्याचा धोका वाढतो. गर्भधारणेच्या किमान सहा आठवडे आधी ते बदलावे लागते आणि नव्या औषधावर यकृत स्थिर आहे ना, हे पाहावे लागते. दिवस राहिल्याचे कळेपर्यंत बाळाचे अवयव घडू लागलेले असतात, त्यामुळे ‘नंतर पाहू’ इथे चालत नाही. चुकून दिवस राहिलेच, तर गोळ्या थांबवण्याऐवजी त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला फोन करावा.

किती थांबावे, काय तपासावे?

प्रत्यारोपणानंतर किमान एक वर्ष थांबावे, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. काही तज्ज्ञ दोन वर्षे सांगतात. यकृताच्या तपासण्या स्थिर असणे, अलीकडे यकृत नाकारले गेलेले नसणे, मूत्रपिंडे ठीक चालणे, रक्तदाब आणि साखर आटोक्यात असणे या अटी पाहिल्या जातात. रुबेलासारख्या जिवंत विषाणूंच्या लसी प्रत्यारोपणानंतर सहसा देत नाहीत, म्हणून त्या शक्य तेव्हा शस्त्रक्रियेआधीच घ्याव्या लागतात.

गर्भ राहिल्यावर रक्तातील औषधाची पातळी वारंवार पाहिली जाते. हात-पाय खाजणे, अंगावर सूज, डोके दुखणे, कावीळ यांपैकी काहीही झाले तर अंगावर काढू नये. वाढलेला रक्तदाब, गरोदरपणात पित्त साचणे आणि यकृत नाकारले जाणे यांची लक्षणे व तपासण्यांचे आकडे एकमेकांसारखे दिसू शकतात. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ आणि यकृततज्ज्ञ यांनी एकत्र निर्णय घ्यायचा असतो.

सिझेरियन करावेच लागते का, स्तनपान चालते का?

प्रत्यारोपित मूत्रपिंड ओटीपोटात बसवतात, पण नवे यकृत मूळच्या जागीच असते. त्यामुळे केवळ प्रत्यारोपण झाले म्हणून सिझेरियन करण्याचे कारण नाही. टॅक्रोलिमस अंगावरच्या दुधात अत्यल्प उतरते. पूर्वी अशा आईला स्तनपान सरसकट नाकारले जाई. आता औषधे पाहून आणि बाळावर लक्ष ठेवून परवानगी दिली जाते. मायकोफेनोलेट चालू असेल तर मात्र स्तनपान टाळतात.

आईचा आजार बाळाला होईल का?

मूळ आजारावर ते अवलंबून आहे. विल्सन आजारात नवे यकृत आईचा आजार बरा करते, पण तिच्या बीजांडातला जनुक तोच राहतो. त्यामुळे प्रत्येक मूल त्या दोषाचे वाहक असतेच. वडीलही वाहक असतील, तर मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी असते. आते-मामे भावंडांत लग्नाची रीत असलेल्या आपल्या अनेक घरांत म्हणूनच पतीची तपासणी आणि जनुकीय सल्ला आधी घ्यायला हवा.

मग अडते कुठे?

अडते ते बोलण्यात. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेच्या आकडेवारीनुसार १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६ हजारांहून अधिक अवयव प्रत्यारोपणे झाली. त्यांपैकी स्त्रियांच्या वाट्याला सात हजारही आली नाहीत. जिथे अवयव मिळण्यातच स्त्री मागे आहे, तिथे तिच्या मातृत्वाचा विचार मागेच पडणार. लग्न जुळवताना शस्त्रक्रिया लपवली जाते. मग सासरी रोजच्या गोळ्याही लपवून घ्याव्या लागतात आणि लपवलेली गोळी चुकतेच. बाह्यरुग्ण विभागात आई-वडील किंवा पती सोबत असल्याने मुलगी हा विषय काढत नाही, डॉक्टरही काढत नाहीत.

यावरचे उपाय फार खर्चीक नाहीत. प्रत्येक प्रत्यारोपण केंद्राने तरुण रुग्ण स्त्रीशी, ती एकटी असताना, गर्भनिरोधन आणि मातृत्व यांवर बोलणे हा सुट्टीच्या कागदपत्रांचाच भाग करावा. अमेरिकेत १९९१ पासून अशा गर्भधारणांची नोंदवही ठेवली जाते. आपल्या केंद्रांनीही एकत्रित नोंद ठेवली, तर सल्ला परदेशी आकड्यांवर अवलंबून राहणार नाही. तालुक्याच्या प्रसूतितज्ज्ञाला फोनवर यकृततज्ज्ञाचा सल्ला मिळण्याची सोयही हवी, कारण आणीबाणीत पहिली धाव तिथेच असते.

आई व्हायचे की नाही, हा निर्णय त्या स्त्रीचा आहे. मूल नको, असे ठरवण्याचा किंवा दत्तक घेण्याचा तिचा हक्कही तितकाच मोठा आहे. मात्र माहिती मिळाली तरच तो निर्णय खऱ्या अर्थाने तिचा ठरेल. प्रत्यारोपणाला आलेल्या प्रत्येक तरुणीला, तिने विचारण्याची वाट न पाहता, ही माहिती मिळायला हवी.