मुंगीचा जातिनिर्णय: केवळ जनुकाच्या साक्षीवर नव्हे

मुंग्यांच्या अभ्यासकांत अलीकडे एक मत मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते, आणि त्याचा प्रतिवाद वेळीच झाला नाही तर यवतमाळसारख्या जिल्ह्यातील तरुण अभ्यासकांचे त्यात कायमचे नुकसान होईल, म्हणून हा लेखनप्रपंच. मुंगीचा एक पाय मद्यार्कात घालावा, तो दूरच्या प्रयोगशाळेकडे रवाना करावा, तेथे जनुकाचा अनुक्रम वाचला जावा आणि संगणकाने जातीचे नाव कळवावे; एवढी सोय झाल्यावर भिंगाखाली मिशांचे पेरे, जबड्यांचे दात आणि कमरेच्या गाठी मोजीत बसण्याचे प्रयोजनच उरत नाही, असा या पूर्वपक्षाचा आशय आहे. त्याला आधार आहे तो 2003 साली कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी सहकाऱ्यांसह मांडलेल्या सूचनेचा. पेशीतील तंतुकणिकेच्या एका ठरावीक जनुकाची सुमारे 650 अक्षरे वाचली असता प्राण्याची जात ओळखता येते, अशी ती सूचना होती.

या पूर्वपक्षात सत्याचा अंश आहे, आणि तो प्रथम मान्य करणे न्यायाचे होईल. देहरचना पाहणाऱ्यास फसवते, हे निर्विवाद. पऱ्हाटीच्या वावरात धुऱ्यावरून रांगेने जाणारे काळे मुंगळे, ज्यांना शास्त्रात कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस म्हणतात, लक्षपूर्वक पाहिले तर एकाच वारुळातील थोराड कामकऱ्याचे रुंद डोके आणि लहान कामकऱ्याचे चिंचोळे डोके यांत इतके अंतर दिसते की, अनभिज्ञ माणूस त्यांची दोन निरनिराळ्या जातींत नोंद करील. नरांची गोष्ट तर याहून बिकट. प्रत्यक्ष लिनियसने 1764 साली आफ्रिकेतील डोरायलस मुंगीचा पंखवाला नर पाहिला तेव्हा ती मुंगी आहे हे त्याच्या ध्यानी आले नाही, आणि त्याने तिला गांधीलमाश्यांच्या वंशात घातले. ज्या नराची आणि ज्या कामकऱ्याची आकृती एकमेकांशी मुळीच जुळत नाही ते एकाच जातीचे आहेत, हे आज जनुकाच्या साक्षीने निःसंदेह सिद्ध करता येते. हा उपकार लहान नाही.

परंतु साक्षीदार उपयुक्त आहे एवढ्यावरून त्यालाच न्यायासनावर बसवावे, हे तर्कशास्त्रास मंजूर नाही. संगणक जे नाव कळवतो ते त्याला कोठून मिळाले? कोणीतरी जाणकाराने पूर्वी एक नमुना भिंगाखाली तपासून, बिंगहॅमच्या 1903 सालच्या ग्रंथासारख्या वर्णनांशी आणि संग्रहालयातील मूळ नमुन्यांशी ताडून, त्याला नाव दिले आणि मग त्याचा अनुक्रम त्या नावाखाली दाखल केला, तेथूनच ना? म्हणजे जी विद्या निरुपयोगी ठरवली जाते तिच्याच खांद्यावर ही नवी पद्धत उभी आहे. मूळ नाव चुकलेले असेल तर संगणक तीच चूक हजारदा, तितक्याच खात्रीने, कळवील.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तंतुकणिकेचे द्रव्य केवळ मातेकडून अपत्याकडे जाते, त्यामुळे त्यावरून जात ठरवणे म्हणजे ज्या दप्तरात फक्त आईकडील वारसांची नोंद होते, त्यातील एका उताऱ्यावरून सबंध घराण्याचा निवाडा करणे होय. हे भय काल्पनिक नाही. दक्षिण युरोपातील मेसर इबेरिकस या धान्यवेचक मुंगीविषयी फ्रान्समधील माँपेल्ये येथील संशोधकांनी 2025 साली ‘नेचर’ नियतकालिकात जे प्रसिद्ध केले, ते वाचून कोणीही जीवशास्त्रज्ञ स्तिमित व्हावा. या मुंगीची राणी स्वतःच्या जातीचे नर प्रसवते, आणि 50 लाख वर्षांहून अधिक काळापूर्वी वेगळ्या झालेल्या मेसर स्ट्रक्टर या जातीचेही नर प्रसवते. त्या परजातीय नरांच्या पेशीतील केंद्रक स्ट्रक्टरचे असते, पण तंतुकणिका मात्र मातेच्या, म्हणजे इबेरिकसच्या. केवळ ती 650 अक्षरे वाचणारा या नरांना बिनदिक्कत मातेच्या जातीत घालील. उलट भिंग घेऊन बसलेल्या अभ्यासकास पहिल्या दृष्टिक्षेपात दिसेल की, एका प्रकारच्या नराच्या अंगावर केस आहेत आणि दुसरा जवळजवळ निर्लोम आहे. येथे देह खरे बोलला, आणि पूर्वपक्षाला जी प्रमाण वाटते ती जनुकसाक्ष खोटी ठरली असती.

याच्या उलट प्रकार आपल्या देशातच आहे. डायाकामा या वंशात स्वतंत्र राणी नसते. वारुळातील एक कामकरीच प्रजननाचा अधिकार राखते. डायाकामा सिलोनेन्स या जातीत ही वरचढ मुंगी नवजात कामकऱ्यांच्या वक्षावरील कळीसारखी दोन लहान उपांगे कुरतडून टाकते, आणि त्यामुळे त्यांचा नराशी समागम कायमचा खुंटतो. नीलगिरी परिसरातील तिच्याशी जवळजवळ तंतोतंत मिळत्याजुळत्या मुंग्यांत मात्र ही उपांगे कोणी कुरतडीत नाही. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय तपासणीत या दोहोंमध्ये मोठे अंतर आढळले. देह मौन राहिला तेथे आचार आणि जनुक बोलले.

यावर, मुंगी ती मुंगी, एवढ्या बारकाव्याचा शेतकऱ्याला काय उपयोग, असे विचारणारे लोक आहेत. त्यांना इतिहासाचे उत्तर द्यावे लागेल. मुंग्या धान्य साठवतात ही प्राचीनांची समजूत युरोपातील कीटकशास्त्रज्ञांनी दीर्घकाळ भ्रम म्हणून झिडकारली होती, कारण त्यांच्या थंड प्रदेशातील जाती धान्य साठवीत नव्हत्या. मुंबई सरकारच्या सेवेत दख्खनची आकडेवारी गोळा करणाऱ्या कर्नल साइक्सने 1829 साली पुण्यात कवायतीच्या मैदानाजवळ मुंग्यांनी पावसात भिजलेले गवताचे बी बाहेर आणून वाळत घातलेले पाहिले, आणि 1835 साली त्या जातीचे वर्णन प्रसिद्ध करून तिला ‘दूरदर्शी’ या अर्थाचे प्रोव्हिडेन्स हे नाव दिले. जाती निरनिराळ्या आहेत हे न ओळखल्याने एका खंडाचे विद्वान चुकले, आणि ती चूक महाराष्ट्राच्या मातीवरील निरीक्षणाने दुरुस्त झाली. यवतमाळच्या काळ्या जमिनीतही बी वेचणारी मुंगी वेगळी आणि पऱ्हाटीवरील मावा व पिठ्या ढेकूण यांचा मधुरस चाटीत त्यांची राखण करणारा मुंगळा वेगळा. पिठ्या ढेकणाचेही तसेच. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या पाहणीत देशातील नऊ राज्यांच्या कपाशीवर त्याच्या दोन जाती सापडल्या आणि 95 टक्के नमुने परदेशातून आलेल्या एकाच जातीचे निघाले. शत्रू कोणता हे कळल्यावाचून उपाय निवडणार कसा?

2016 साली हिमेंदर भारती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या यादीत भारतातील मुंग्यांच्या 828 जाती व उपजाती नोंदल्या आहेत. टिपेश्वरच्या सागवनात आणि पैनगंगेच्या काठच्या रानात यांपैकी कोणत्या नांदतात, याचा शोध जिल्ह्यातील महाविद्यालयांनी आपल्या बळावर घेतला पाहिजे, आणि त्यासाठी लागणारे साधन, म्हणजे एक भिंग, काही टाचण्या आणि घट्ट झाकणाच्या पेट्या, कोणत्याही प्राणिशास्त्र विभागास परवडणारे आहे. प्रत्येक वारुळातून थोर, लहान आणि मिळाल्यास नर, असे नमुने टाचणीवर चढवावेत. त्याच वारुळातील काही मुंग्या मद्यार्कात ठेवाव्यात. दोहोंस एकच क्रमांक द्यावा. चिठ्ठीवर तारीख, तालुका, मौजा, झाड किंवा जमीन आणि पाहिलेला आचार स्पष्ट अक्षरांत लिहावा. त्यानंतर जनुकाची तपासणी अवश्य करावी, आणि तीही केवळ तंतुकणिकेवर न थांबता केंद्रकातील जनुकांची करावी. देह, आचार आणि जनुक यांची साक्ष जुळली तर नाव कायम करावे, विसंगती आली तर निर्णय तहकूब ठेवून पुन्हा रानात जावे. ज्या पायामागे असा जपून ठेवलेला, नोंद केलेला देह नाही, तो पाय प्रयोगशाळांनी तपासणीसाठी स्वीकारूच नये.