लहरींचा ‘सात’ आहे. ‘बारा’ कोठे आहे?

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रातील शेतकऱ्यावर आपल्या पिकाची नोंद स्वतःच मोबाईलवरून करण्याची जबाबदारी आली. बांधावर उभे राहून त्याने पिकाचे छायाचित्र काढावयाचे, ते ‘ई-पीक पाहणी’त चढवावयाचे, आणि रेंज नसेल तर ती मिळेल तेथवर चालत जावयाचे. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची आणि नमुना बारा म्हणजे त्या जमिनीत यंदा काय उभे आहे, हा भेद खेड्यातील निरक्षर म्हातारीलाही ठाऊक असतो. कूळकायद्याच्या लढ्यात ज्यांनी तलाठ्याच्या दप्तरासमोर दिवस काढले, त्यांना हेही ठाऊक आहे की कसणाऱ्याचा हक्क पुष्कळदा त्या बाराच्या एका ओळीवर तरला किंवा बुडाला. परंतु ज्या लहरींवरून हे छायाचित्र जाते, त्या लहरींचा नमुना बारा सामान्य नागरिकाला कोठेही पाहावयास मिळत नाही.

लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्येच निःसंदिग्धपणे सांगितले, न्या. पी. बी. सावंत त्या पीठावर होते. या मालमत्तेचा ‘सात’ अगदी चोख ठेवला जातो. २०२२ च्या लिलावात, सर्व परिमंडळांतील पट्टे एकत्र मोजता, ७२,०९८ मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम विक्रीस मांडला गेला आणि ५१,२३६ खपला; बोली झाली दीड लाख कोटी रुपयांची. जून २०२४ मध्ये १०,५२२ मेगाहर्ट्झपैकी जेमतेम १४१ खपला. कोणी, कोठे, काय भावाने घेतले, ते सारे प्रसिद्ध आहे. पण घेतलेल्या पट्ट्याचा गडचिरोलीच्या एखाद्या तालुक्यात दिवसाकाठी किती वापर होतो, हे विचारले की दप्तर मिटते.

हे मोजता येत नाही असे मुळीच नाही. उंच जागी अँटेना व ग्राहकयंत्र बसवावयाचे, एकेक वाहिनी क्रमाने चाचपावयाची, आणि पार्श्वभूमीच्या कुजबुजीहून ठरावीक मर्यादेपलीकडची शक्ती किती वेळ आढळली, त्याचे शेकडा प्रमाण काढावयाचे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने याची रीत घालून दिलेली आहे. सुमारे ३० मेगाहर्ट्झ ते ३ गिगाहर्ट्झ या विस्तारात २००४ साली न्यूयॉर्कमध्ये असा वापर १३.१ टक्के, तर २००५ साली शिकागोत १७.४ टक्के आढळला. भांडवलशाहीच्या राजधान्यांची ही कथा! आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २०१४ च्या सुमारास दूरदर्शनच्या प्रक्षेपकांच्या माहितीवरून गणित मांडले, तेव्हा ४७० ते ५९० या १२० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सरासरीने शंभराहून अधिक मेगाहर्ट्झ मोकळेच निघाले. याच संस्थेने अशा मोकळ्या लहरींवरून पालघर जिल्ह्यातील गावांत इंटरनेट नेऊन दाखविले. प्रयोग म्हणून!

बाजारवादी अर्थशास्त्राचे उत्तर ठरलेले आहे. रोनाल्ड कोस यांनी १९५९ मध्येच मांडले होते की, लहरी सर्वाधिक किंमत देणाऱ्याला विकाव्यात. ज्याने पैसे मोजले तो त्या वाया घालवील कशाला? हा युक्तिवाद सावकारी पाशातून सुटलेल्या कोणत्याही कुळाने खोडून काढला असता. मालक जमीन पडीक ठेवतो तो वेडा म्हणून नव्हे. भाव चढेपर्यंत थांबणे आणि शेजाऱ्याला ती मिळू न देणे, हाही त्याच्या दृष्टीने ‘वापर’च असतो. २०२२ च्या लिलावात एका बड्या उद्योगसमूहाने २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील ४०० मेगाहर्ट्झ २१२ कोटींना घेतला आणि एप्रिल २०२५ मध्ये तो दुसऱ्या बड्या कंपनीकडे सोपविण्याचा करार केला. मधल्या काळात त्या सार्वजनिक मालमत्तेवर कोणते पीक उभे होते, याचा झाडा कोणी मागितला?

अर्थात नुसती टक्केवारी हाती घेऊन ‘सारेच मोकळे आहे, वाटून टाका’ म्हणणाऱ्यांपासूनही सावध राहिले पाहिजे. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय दुर्बीण आहे. ती काहीच प्रक्षेपित करीत नाही, ती केवळ ऐकते. मोजणीच्या यंत्राला तेथील शांत पट्टा रिकामा भासेल. वस्तुतः त्या शांततेवरच तिचे सारे काम चालते. गायरानाला पडीक म्हणून ते लाटण्याची विद्या या राज्याला अपरिचित नाही. शिवाय एका गच्चीवरच्या अँटेनाला जे ऐकू येत नाही ते नाहीच, असेही नव्हे. मर्यादारेषा थोडी वरखाली केली की टक्केवारी बदलते. म्हणूनच मोजणी कोणाच्या हाती राहावी, हा प्रश्न तांत्रिक नसून राजकीय आहे.

२०२३ च्या दूरसंचार कायद्याने पुरेशा कारणावाचून न वापरलेला स्पेक्ट्रम काढून घेण्याचा अधिकार सरकारला दिला आहे. ‘न वापरलेला’ हे ठरणार कशावरून? कंपनीनेच भरून दिलेल्या तक्त्यावरून? केंद्र सरकारपाशी लहरींवर देखरेख करणारे वायरलेस मॉनिटरिंगचे खाते आहे, त्याची केंद्रे देशभर आहेत. पण त्याची शक्ती मुख्यतः व्यत्यय आणि बेकायदा प्रक्षेपण हुडकण्यात खर्च होते. तालुकावार मोजणी, तिची रीत व मर्यादारेषा उघड, आणि दर तिमाहीला आकडे प्रसिद्ध, एवढे काम त्याच खात्याकडून करवून घेण्याची मागणी पक्षाच्या प्रत्येक जिल्हा शाखेने लावून धरली पाहिजे. पहिले यंत्र मुंबईच्या गच्चीवर नव्हे, जव्हार-मोखाड्यात आणि धडगाव-अक्कलकुव्यात बसावे.