पहिल्या तीन दिवसांची जबाबदारी प्रसूतिगृहाची



दर वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह साजरा होतो. आईच्या दुधाचे महत्त्व सांगणारी भाषणे होतात, दवाखान्यांच्या भिंतींवर फलक लागतात आणि या साऱ्याचा रोख बाळंतिणीकडे असतो. तिला एकदा महत्त्व पटले की ती पाजेल, असे गृहीत धरलेले असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे या समजुतीला धक्का देतात. २०१५-१६च्या चौथ्या फेरीत देशातली सुमारे ७९ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत होती. २०१९-२१च्या पाचव्या फेरीत हे प्रमाण ८९ टक्क्यांच्या जवळ गेले. जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेल्या बाळांचे प्रमाण मात्र ४१.६ टक्क्यांवरून ४१.८ टक्क्यांवर आले, म्हणजे जागचे हललेच नाही. डॉक्टर आणि परिचारिका हाताशी असूनही निम्म्याहून अधिक बाळांचा पहिला तास आईच्या दुधाविना जात असेल, तर दोष बाळंतिणीच्या अज्ञानात नव्हे, प्रसूतिगृहांच्या रीतीत शोधला पाहिजे.

‘दूध येतच नाही’ ही तक्रार बहुतेकदा पहिल्या दोन दिवसांतली असते. या दिवसांत येतो तो घट्ट, पिवळसर चीक. तो चमच्याने मोजावा इतकाच असतो आणि बाळाची गरजही तेवढीच असते. भरपूर दूध साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान उतरते, सिझेरियननंतर कधी आणखी थोडे उशिरा. बाळाचे वजन सुरुवातीला किंचित घटते, तेही अपेक्षितच असते. हे कुणी वेळेवर सांगितले नाही, तर रडणारे बाळ उपाशी आहे असे घरच्यांना वाटते आणि पावडरचा डबा येतो. वरच्या दुधाने पोट भरलेले बाळ अंगावर कमी ओढते आणि जितके ओढले जाते तितकेच दूध तयार होत असल्याने ते खरोखरच कमी पडू लागते. दुखण्याचेही तसेच. बाळाने नुसते बोंड तोंडात धरले की भेगा पडतात आणि पाजण्याची वेळ आली की बाळंतीण धास्तावते. बाळाचे तोंड मोठे उघडलेले, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि बोंडाभोवतीचा काळा भाग बराचसा तोंडात, अशी पकड असेल तर सहसा दुखत राहत नाही. दुखलेच तर स्वच्छ करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यात घालून पकड सोडवायची आणि बाळाला पुन्हा लावायचे. दूध साचून छाती दगडासारखी झाली, तर थोडे दूध हाताने पिळून काळा भाग मऊ करायचा आणि पाजणे चालूच ठेवायचे. यातले काहीही अवघड नाही, पण फलक वाचून ते येत नाही. ते खाटेशेजारी बसून, बाळ नीट धरून दाखवणाऱ्या माणसाकडून येते. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू बाळंतिणीला जरूर द्यावेत. चुकलेली पकड त्यांनी सुधारत नाही. आणि बाळाला मध तर मुळीच चाटवू नये.

सिझेरियन झाले तर लगेच पाजणार कसे, असे विचारले जाते. पाठीत भूल दिलेली आई जागी असते. दोघांची प्रकृती ठीक असेल तर बाळ तिच्या छातीशी धरता येते, फक्त ते धरायला कुणीतरी नेमलेले हवे. परिचारिका अपुऱ्या आहेत, हा आक्षेप खरा आहे. पण स्तनपानासाठी परिचारिका आणि आशा कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देणे हा केंद्राच्या २०१६च्या ‘मा’ कार्यक्रमाचाच भाग आहे. शिकवलेले हात खाटेपर्यंत पोहोचवणे हा नेमणुकीचा प्रश्न आहे. सर्वात गंभीर आक्षेप असा की, या आग्रहाने आधीच थकलेल्या आईवर अपराधाचे ओझे पडते. ते पडतेच, आणि म्हणून मागणी आईकडून नव्हे, यंत्रणेकडून हवी. काही स्त्रियांना खरोखर दूध कमी येते. काही बाळे अपुऱ्या दिवसांची असतात, काहींची साखर उतरते किंवा कावीळ वाढते. अशा वेळी वरचे दूध द्यावेच लागते आणि त्यात दिरंगाई धोक्याची असते. पण ते ओळखायचे कसे? पाजताना बघून, वजन करून, पाचव्या दिवसानंतर दिवसातून सहा तरी लंगोट ओले होतात का ते मोजून. बघणारे कुणी नसेल तर गरज नसलेल्या बाळाला डबा मिळतो आणि गरज असलेले बाळ सुकत जाते. शिवाय डबा हाच एक पर्याय नाही. पिळून काढलेले दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने देता येते, आणि मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात मातृदुग्धपेढी १९८९ पासून आहे.

बाळाच्या दुधाच्या पावडरची जाहिरात १९९२च्या कायद्याने रोखली. तशीच एक सक्तीची नोंद आता घरी सोडतानाच्या कार्डावर हवी: प्रशिक्षित परिचारिकेने एक पूर्ण पाजणे पाहिले, पकड तपासली, पुढच्या तपासणीची तारीख दिली, आणि खाली तिची सही. सरकारी आणि खासगी, दोन्ही प्रसूतिगृहांना ती लागू करावी. तोवर कुटुंबांनी नाव नोंदवतानाच विचारावे की, आमच्या बाळंतिणीला पाजायला शिकवणार कोण, आणि रात्रपाळीला ती व्यक्ती असेल का?

– एक वाचक, सातारा